पाच लिहा

ओर येहुदा
१३ नोव्हेंबर १९६६

श्रीयुत मेईर शाहार, चित्रपट दिग्दर्शक, यांस,

अन्वर शहराबानी नावाचा माझा एक धाकटा भाऊ होता. आपल्या ऑफिसात कुठे दिसला तर हे पत्र त्याच्या हातात द्यावं.

अन्वर, परवा तुझ्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला तू आमच्यासाठी बस पाठवलीस. अख्खी गल्ली नटून बसली. बाबांनी बगदादहून अंगावर आणलेला काळा सूट काढला. मी त्याचे खांदे आत घेतले, कारण संत्र्यांच्या वखारीत इतकी वर्षं खोकी उचलून माणूस आक्रसतो. वाटेत बाबा गप्प होते, पण त्यांचं ते गप्प राहणं मला ठाऊक आहे. बगदादला रशीद रस्त्यावरच्या थिएटरात त्यांचा खेळ असला की दिवसभर ते असेच असायचे. आई बाबांचं नाव घेऊन आम्हांला ओरडायची, आज हेस्केलशी कुणी बोलू नका.

मग पडद्यावर त्यांचा चेहरा आला. एवढा मोठा! आमच्या रांगेने टाळ्या सुरू केल्या, पुढचे लोक वळून बघायला लागले. माझा नवरा तर उभाच राहिला. आणि बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातून दुसराच माणूस बोलला.

रेडिओवर नाटकं वाचणारा तो अब्राशा वोल्पे! रशियातून आलेला, लोण्यासारख्या आवाजाचा. ओठ बाबांचे, दाढी बाबांची, आवाज अब्राशाचा. शेजारच्या हबीबाने मला कोपर मारून विचारलं, "तुझ्या बाबांचा घसा बसला होता का गं?"

आणि तुझा तो नळाचा प्रसंग. बगदादहून आल्यावर निर्वासितांच्या छावणीतल्या पहिल्या हिवाळ्यात, तंबूत पाणी शिरलं तेव्हा, आपला फुआद तापाने गेला. तीन वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी नळाजवळ रेशनच्या कारकुनाने विचारलं, तंबूत माणसं किती? बाबा म्हणाले, "सहा होतो. पाच लिहा." हे कुणा लेखकाने घरी बसून रचलेलं वाक्य नाही. ते आपल्या बापाच्या तोंडून निघालं, आणि तू आणि मी बादल्या घेऊन शेजारी उभे होतो. ते तू अब्राशाला दिलंस?

शेवटी तू बाबांना स्टेजवर बोलावलंस. ते गेले, छातीवर हात ठेवून वाकले, खाली आले. शब्द काढला नाही. आज सकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अन्वरला माहीत होतं?" मी सांगितलं, नाही.

मी खोटं बोलले का? तेवढं कळव.

नझीमा


तेल अवीव
२० नोव्हेंबर १९६६

प्रिय नझीमा,

तू खोटं बोलली नाहीस. मला माहीत नव्हतं.

निर्माता झेलिग याने हे केलं. मी राखीव सैन्यात महिनाभर दक्षिणेला होतो. परत आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं आणि सिनेमा लागायची तारीख ठरलेली होती. माझ्या करारात आवाजाबद्दल एक ओळ नाही. मी त्याच्या ऑफिसात जाऊन टेबलावर मूठ आपटली. तो म्हणाला, मेईर, आधी पुढचा सिनेमा मिळव, मग मूठ आपट.

तुला राग आलाय, येऊ दे. पण नझीमा, तू चेहरा पाहिलास ना? सतराव्या वर्षी हर्झलियाच्या स्टुडिओत दिवे उचलायला लागलो तेव्हापासून पाहतोय, पडद्यावर आपला, अरबी मुलखातून आलेला माणूस आला की तो गाढवावर बसून येतो आणि पडतो. तिथे आज बगदादचा एक म्हातारा राजासारखा उभा आहे. पेपरात काय लिहिलंय वाचलंस? "असा चेहरा आपल्या सिनेमाने पाहिला नव्हता." हा चेहरा मी आणला. दुसऱ्या कुणी नाही.

बाबांना सांग, झेलिगने केलं.

तुझा
अन्वर


ओर येहुदा
८ जानेवारी १९६७

अन्वर,

सांगितलं. बाबा म्हणाले, "निर्माते असेच असतात. बगदादलाही असेच होते." आणि वर्तमानपत्र उघडलं.

पण शनिवारी सिनेगॉगमध्ये ते प्रार्थना गात नाहीत. पहिल्या शनिवारी वाटलं सर्दी असेल. आता पाहते तर ओठ हलतात, आवाज नाही. हबीबाचा नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "हेस्केल, आवाज तेल अवीवला विसरून आलास का?" लोक हसले. बाबाही हसले. मला त्या माणसाच्या तोंडावर आंब्याच्या लोणच्याची बरणी फेकावीशी वाटली.

पेपरात चेहऱ्याबद्दल छापून आलं ते वाचलं. घोड्याचाही चेहरा चांगला असतो.

तू झेलिगकडे परत जा. तुला जमत नसेल तर पत्ता पाठव, मी जाते. मला पुढचा सिनेमा नकोय, मला भीती कसली?

नझीमा


तेल अवीव
२ मे १९७०

प्रिय नझीमा,

तीन वर्षं तू माझ्या पत्रांना उत्तर दिलं नाहीस. लग्नाला आली नाहीस, एड्नाने तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती. ते जाऊ दे. आनंदाची बातमी आहे.

माझे दोन्ही विनोदी सिनेमे धो धो चालले हे तुला कळलंच असेल. तिसऱ्यात एक काका आहे, भाचीचं लग्न मोडायला निघालेला. पाच मोठे प्रसंग आहेत. मला बाबा हवे आहेत. आणि ऐक, त्यांचा स्वतःचा आवाज! यावेळी करारात मी ते लिहून घेतलंय. सगळे 'हेत', सगळे 'ऐन', इथले लोक गिळतात ती आपली दोन्ही अक्षरं घशाच्या तळातून, जशीच्या तशी. झेलिगने एका शब्दाने हरकत घेतली नाही.

बाबांना विचार. गाडी पाठवतो.

अन्वर


ओर येहुदा
१० मे १९७०

अन्वर,

झेलिग हरकत कशाला घेईल? विनोदी काकाला बगदादचा घसा चालतो, दुःखी बापाला चालत नाही. एवढं साधं तुझ्या डोक्यात शिरत नाही, की शिरलेलं तुला बाहेर काढायचं नाहीये?

बाबांना विचारलं. मला वाटलं संतापतील. ते म्हणाले, "विनोदी काम वाईट नसतं. मी आयुष्यभर केलंय. त्याला सांग, आधी त्या दुसऱ्या कामातला आवाज परत दे, मग हे करतो."

गाडी पाठवू नकोस. आमच्या गल्लीत वळत नाही.

नझीमा


ओर येहुदा
४ मे १९७९

अन्वर,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझा युद्धावरचा सिनेमा पडला तेव्हा लिहिलं नाही. एड्ना सोडून गेली तेव्हा लिहावंसं वाटलं, तरी लिहिलं नाही. आज लिहिते, कारण दुसऱ्या कुणावर ओरडले तर लोक मला वेडी म्हणतील.

स्वातंत्र्यदिनाला टीव्हीवर पुन्हा तुझा पहिला सिनेमा, 'नळ', दाखवला. आता दरवर्षीच दाखवतात. एकच चॅनेल, सगळा देश बघतो. आणि ते वाक्य आता कुणाच्या तोंडी नाही ते सांग. फलाफलच्या दुकानात माणूस म्हणतो, सहा होते, पाच लिहा. फुटबॉलमध्ये एकाला बाहेर काढलं की सगळे ओरडतात, पाच लिहा! हसतात. फुआद कोण होता हे कुणाला माहीत आहे?

काल बाबांना घेऊन दवाखान्यात निघाले होते. बसथांब्यावर सैन्यातल्या दोन मुली उभ्या होत्या, खांद्यावर बंदुका, हातात आइस्क्रीम. एकीने बाबांना ओळखलं. "अगं, नळवाले आजोबा! आजोबा, म्हणा ना एकदा ते!"

बाबांनी नाही म्हटलं. त्या मागेच लागल्या. गोड मुली होत्या, वाईट नव्हत्या. शेवटी बाबा म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. "सहा होतो. हमिशा लिहा." पाचला 'हमिशा' म्हणताना ह आला तो आपला, घशाच्या तळातला.

ती मुलगी म्हणाली, "नाही हो आजोबा, तसं नाही." आणि अब्राशासारखं म्हणून दाखवलं.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "हो, तुझं बरोबर आहे."

मी बसमध्ये चढले आणि दवाखाना येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. आता तू सांग, मी कुणावर ओरडू?

नझीमा


तेल अवीव
२० मे १९७९

नझीमा,

माझ्यावर ओरड. दुसरं काय उरलंय माझ्याकडे? सिनेमा मिळत नाही. कॉलेजात मुलांना शिकवतो, फिल्म कुठे कापावी आणि कुठे नाही. परवा एक मुलगा वर्गात म्हणाला, "सर, तुमचा पहिला सिनेमाच खरा, बाकी सगळा कचरा." मी त्याला चांगले गुण दिले.

बाबांना डॉक्टर काय म्हणाला ते कळव.

अन्वर


ओर येहुदा
११ सप्टेंबर १९८१

मेईर शाहार,

अन्वर म्हणणार नाही. अन्वर खोटारडा नव्हता.

मी रमत गानच्या वृद्धाश्रमात काम करते, तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात तिथे नवा म्हातारा आला. पाय गेलेले, पण आवाज तोच. मी सूप घेऊन खोलीत शिरले आणि तो "धन्यवाद बाई" म्हणाला, तर वाडगा माझ्या हातातून सुटला. अब्राशा वोल्पे.

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, बोलले नाही. काल त्याने विचारलं, "मी तुमचं काय वाकडं केलंय?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बापाचा आवाज खाल्लात."

त्याने उशीवरून मान उचलली. मग म्हणाला, "शहराबानींची मुलगी का तुम्ही? बाई, मी नको म्हणत होतो. तुमचा भाऊ केक घेऊन माझ्या घरी आला होता. मी रिळं पाहिली आणि म्हटलं, मेईर, हा म्हातारा माझ्यापेक्षा चांगला नट आहे, मी याचं काम नासवीन. तर तो माझ्या दिवाणखान्यात उभा राहून ओरडायला लागला. तुम्ही केलं नाहीत तर मी हा सिनेमा जाळून टाकीन, म्हणाला."

राखीव सैन्य! दक्षिण! टेबलावर मूठ! पंधरा वर्षं मी झेलिगला शिव्या दिल्या. तो मेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. देव मला माफ करो, एका निरपराध माणसाच्या मरणाचं मला बरं वाटलं, तुझ्यामुळे.

तुला लाज वाटत होती आपली. तू नाव बदललंस, आम्ही काही बोललो नाही. तू तुझा स्वतःचा 'ऐन' गिळलास, फोनवर ओळखू येईनासा झालास, काही बोललो नाही. पण बापाच्या घशात हात घालायचा अधिकार तुला कुणी दिला?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते. त्यानंतर नाही.

नझीमा


तेल अवीव
१५ सप्टेंबर १९८१

नझीमा,

हो, मी केलं. अब्राशाने सांगितलं ते सगळं खरं आहे. केकसुद्धा.

आता माझंही ऐक, कारण मीही पंधरा वर्षं दात आवळून बसलोय.

सिनेमा तयार झाल्यावर, लोकांना दाखवायच्या आधी, आम्ही तो तेल अवीवच्या उत्तरेला एका लहान हॉलमध्ये निवडक मंडळींना दाखवला. बाबांच्या आवाजात. नाटकवाले, पेपरवाले, प्राध्यापक, त्यांच्या बायका. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. नळाचा प्रसंग आला. बाबा म्हणाले, सहा होतो, पाच लिहा.

आणि हॉल हसला.

एखाददुसरा नाही. सगळा हॉल. एका बाईने तोंडाला रुमाल लावला. एकाने 'हमिशा' तसंच घशातून म्हणून दाखवलं आणि पुन्हा हशा झाला. पडद्यावर बाबांचा चेहरा, डोळ्यांत पाणी, आणि खाली हे लोक. गाढवावरून पडणाऱ्यांच्या तोंडी ऐकलेला आवाज होता तो त्यांच्यासाठी, दुसरं काही नव्हतं.

मी बाहेर जाऊन गटारात ओकलो. दुसऱ्या दिवशी केक घेतला.

लाज वाटत होती म्हणतेस? माझ्या भावाच्या मरणावर लोक हसले, नझीमा. ते पुन्हा होऊ नये म्हणून मी जे हाताला लागलं ते केलं. अब्राशाच्या आवाजाला कुणी हसलं नाही. बायका रडल्या. आणि तुला खरं सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस, आणि बाबांना कळलं असतं की तेल अवीवचे शहाणे लोक फुआदवर हसले. ते चाललं असतं तुला? म्हणून झेलिगचं नाव घेतलं. तुझ्या शिव्या मी पंधरा वर्षं बाबांसाठी खाल्ल्या.

आता सांग बाबांना. खुशाल सांग. मग त्यांचं काय होतं ते मला कळव.

अन्वर


ओर येहुदा
२ ऑक्टोबर १९८१

अन्वर,

हो, मला चाललं असतं!

हसू द्यायचं होतंस. दिवे लावायचे होतेस. पुढे जाऊन उभं राहायचं होतंस आणि विचारायचं होतंस, कशाला हसलात? तो माझा बाप आहे, मेलेला माझा भाऊ आहे, आता पुन्हा हसून दाखवा. तू गटाराकडे गेलास. हसणारे सुखाने घरी गेले आणि शिक्षा कुणाला? बाबांना. बोलले म्हणून जीभ बाबांची कापलीस, अन्वर, हसणाऱ्यांची नाही.

मी बाबांना सांगितलं. ते जेवत होते, काकडी आणि अंडं, वर आंब्याचं लोणचं. सगळं सांगितलं. केक, अब्राशा, हॉल, हशा. त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता यांना काही होतं. मी पाणी आणायला उठले.

"कुठल्या वाक्यावर हसले?" त्यांनी विचारलं.

"तेच बाबा. सहा होतो, पाच लिहा."

"कधी? सहानंतर की पाचनंतर?"

मला काय माहीत? मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवलं. तू लिहिलंयस तसं, एका दमात. सहा होतो, पाच लिहा. आणि मग ते ओरडले. अन्वर, आईच्या शपथेवर सांगते, पंधरा वर्षांत तो आवाज घरात झाला नव्हता. हबीबा धावत आली.

"त्या गाढवाने माझं थांबणं कापलं! सहा होतो म्हणून मी थांबलो होतो! त्या कारकुनाकडे बघत उभा होतो मी! कॅमेऱ्यामागच्या माणसांनी श्वास धरला होता! ते काढल्यावर उरतं काय? बाजारातली घासाघीस! सहाला नको, पाचला दे! लोक हसतील नाही तर काय करतील? मीसुद्धा हसलो असतो!"

मी म्हटलं, बाबा, ते आपल्या बोलण्याला हसले, आपल्या 'हेत'ला. ते म्हणाले, "असेल. त्यालाही हसले असतील. पण मी थांबलो असतो तर हसायची हिंमत झाली नसती. बगदादला पहिल्या खेळाला मी मरताना लोक हसले होते. दुसऱ्या खेळाला मी वेगळा मेलो. रडले. दुसरा खेळ असतो म्हणून तर नाटक असतं. मला दुसरा खेळ का दिला नाही? मला विचारलं का नाही? मी काय मेलो होतो?"

मग पुन्हा जेवायला बसले, आणि दुसरं अंडं मागितलं.

मला अजून वाटतं, ते आपल्या घशालाच हसले. बाबांना वाटतं, तुझ्या कात्रीमुळे हसले. तुमचं तुम्ही मिटवा. सोमवारी सकाळच्या बसने ते तुझ्याकडे येताहेत. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तुझ्याशी माझं काम नाही, दिग्दर्शकाशी आहे."

नझीमा


तेल अवीव
१९ डिसेंबर १९८१

नझीमा,

बाबा बरोबर होते.

मी रिळं काढून टेबलावर लावली. 'सहा होतो' आणि 'पाच लिहा' यांच्यामध्ये फिल्म चिकटवल्याची खूण आहे. ती माझ्या हातची. आता सगळं आठवतं. झेलिग म्हणाला होता, मधला भाग रेंगाळतो. मी म्हटलं, बघतो. आणि मधलं थांबणं काढून टाकलं, कारण मला वाटलं बाबा वाक्य विसरले होते. स्वतःचा बाप, स्वतःच्या पोराबद्दल बोलताना, आणि मला वाटलं वाक्य विसरले! आणि मी मुलांना शिकवतो कुठे कापायचं ते.

कॉलेजच्या स्टुडिओत महिनाभर आम्ही काम केलं. मूळ आवाजाच्या फिती पुसल्या गेल्यात, म्हणून सगळं नव्याने बोलावं लागलं. प्रसंगाचा छोटा तुकडा पडद्यावर पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि समोर माईक धरून ओठांत शब्द बसवायचे. पहिल्या दिवशी बाबा पडद्यावरच्या स्वतःवरच चिडले. "हा फार घाई करतो. याला सांग, दमाने." मी म्हटलं, बाबा, त्याला आता काही सांगता येत नाही. "मग तू कशाला आहेस?" ते म्हणाले. मला, ध्वनिवाल्याला, चहा आणणाऱ्या बाईला, सगळ्यांना रडवलं त्यांनी. पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा आणि आजचा आवाज जुळत नाही. जिथे जुळला नाही तिथे ते म्हणाले, "असू दे. लोकांना कळू दे की उशीर झालाय."

कापलेला तुकडा काही मिळाला नाही. कधीच कचऱ्यात गेला असणार. म्हणून कारकुनाच्या हाताचं एक दृश्य मध्ये घातलं, कागदावर थांबलेली लेखणी. बाबा म्हणाले, "लेखणी नको होती, मी हवा होतो." मग त्यांनी विचारलं, "ते हसले तेव्हा तू कुठे होतास?"

"मागे उभा होतो."

"आणि मग?"

"बाहेर गेलो."

"हं," म्हणाले. बस्स. तुझ्या सगळ्या पत्रांपेक्षा तो हुंकार जड गेला मला.

टीव्हीवाल्यांना नवी प्रत दाखवली. नको म्हणाले. लोकांना जुन्या आवाजाची सवय झालीय, हा आवाज प्रेक्षकांना परका वाटेल, म्हणाले. त्याच्याच ओठांना त्याचाच आवाज परका! मी त्या साहेबाची खुर्ची उलटी केली. खोटं नाही, यावेळी खरंच. त्याचा सेक्रेटरी साक्षीदार आहे, पोलिसांत जायची धमकी देतोय.

तेव्हा प्रत एकच आहे. ओर येहुदाच्या सभागृहात लावू. फेब्रुवारीत जागा मिळते का बघ.

अन्वर


ओर येहुदा
२२ फेब्रुवारी १९८२

अन्वर,

कुठे पळालास?

मी तुला पाहिलं होतं. तू दाराशी उभा होतास. पडद्यावर नळ दिसला, रांग दिसली, आणि दार हललं. हबीबाचा नवरा सांगत होता, तू बाहेर गाडीला टेकून सिगरेट ओढत होतास आणि सिनेमा संपायच्या आत गेलास. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या! तुझ्यासाठी मी हे सगळं लिहितेय असं समजू नकोस. बाबांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय.

सभागृह खचाखच भरलं होतं. छावणीतले सगळे होते, जे जिवंत आहेत ते. त्यांची पोरं, नातवंडं, सगळ्यांचा सिनेमा पाठ. पहिल्यांदा बाबांचा आवाज आला तेव्हा कुजबुज झाली. पोरं एकमेकांना विचारत होती, मशीन बिघडलंय का. मग गप्प झाली.

नळ आला. कारकुनाने विचारलं, तंबूत माणसं किती? बाबा म्हणाले, "सहा होतो." आणि ती लेखणी आली, थांबलेली.

आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "पाच लिहा!"

अब्राशाच्या आवाजात, अन्वर. लोणी लावून. दरवर्षी टीव्हीसमोर ओरडतात तसंच. पोरांनी टाळ्या पिटल्या. हबीबा ओरडली, जिने फुआदला न्हाऊ घातलं होतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या तोंडून मी ते ऐकलं आणि त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. त्या गलक्यात पडद्यावर बाबा काय म्हणाले ते कुणाला ऐकूच आलं नाही.

बाबा उठले. काठी घेतली नाही. वळले, सगळ्यांकडे तोंड केलं.

"दिवे लावा," म्हणाले.

दिवे लागले. सिनेमा थांबला. मी म्हटलं, बाबा, बसा, लोक प्रेमानेच ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी अजून बोललो नाहीये," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण शेवटच्या रांगेला पोचेल असं. थिएटरातलं बोलणं ते. "मी फक्त सहा म्हटलंय. माझं मूल गेलंय. पुढचं मी म्हणणार आहे. तुम्ही नाही."

मग मशीनवाल्याला हात केला, "मागे घे. पुन्हा लाव."

दिवे गेले. पुन्हा नळ, पुन्हा रांग, पुन्हा कारकून. "सहा होतो." लेखणी थांबली. तू कितीसा वेळ दिला आहेस मला माहीत नाही, पण त्या वेळात मला आपला तंबू आठवला, आईने उन्हात वाळत घातलेला फुआदचा सदरा आठवला. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग बाबांचा आवाज आला, म्हातारा, फाटलेला, आपला.

"पाच लिहा."

कुणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही. पुढच्या प्रसंगातली माणसं पडद्यावर बोलायला लागली तरी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हबीबा तोंडात डोक्याचा रुमाल कोंबून बसली होती. बाबा उभेच होते. पडद्याकडे पाठ करून, लोकांचे चेहरे बघत. मग बसले आणि मला म्हणाले, "आता बरोबर."

तू हे बघायला हवं होतंस. पंधरा वर्षांपूर्वी पळालास ते मी एक वेळ समजू शकते. एकटा होतास, ते सगळे परके होते. पण या वेळी आतमध्ये आपली माणसं होती, आणि तुला आपल्या माणसांचा भरवसा वाटला नाही. याबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे. अब्राशाबद्दल वेगळं, झेलिगबद्दल वेगळं. माझा राग काही एका सिनेमात संपणारा नाही.

शुक्रवारी ये, सूर्य मावळायच्या आत. तबीत, रात्रभर शिजणारा आपला कोंबडीभात, चुलीवर चढवतेय, शनिवारी जेवूनच जायचं. केक आणू नकोस. बाबांना तुझ्याशी बोलायचंय. त्यांचं म्हणणं आहे, शेवटच्या प्रसंगातही तू कुठेतरी कापलं आहेस.

नझीमा